बेचाळीस हंगाम, एकच खुर्ची

१९०१च्या उन्हाळ्यात कॉन्स्टन्स ॲपलबी नावाची अठ्ठावीस वर्षांची एक इंग्रज बाई शारीरिक शिक्षणाचा वर्ग करायला हार्वर्डला गेली. वर्गात विषय निघाला, की कॉलेजातल्या मुलींनी व्यायाम म्हणून करावं काय. अमेरिकन मंडळी म्हणाली, आमच्या मुली संगीत खुर्ची खेळतात, शिवाय रुमाल टाकून पळायचा एक खेळ खेळतात. म्हणजे आपलं ‘मामाचं पत्र हरवलं’. ॲपलबीबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की हे खेळ आमच्याकडे पार्टीला आलेले पाहुणे खेळतात. व्यायाम करायचा तर आम्ही हॉकी खेळतो. ती कशी असते, हे कुणीतरी विचारलं असणारच. कारण थोड्याच दिवसांत जिमखान्यामागच्या अंगणात, मिळतील त्या स्टिक आणि मिळेल तो चेंडू घेऊन, बाईंनी सगळ्या वर्गाला पळायला लावलं. अमेरिकेतल्या कॉलेज-हॉकीचा जन्म असा संगीत खुर्चीचा पाणउतारा करून झालेला आहे.

बाईंचं परत जाणं मग लांबतच गेलं. व्हॅसर, वेलस्ली, स्मिथ, माउंट होल्योक अशा मुलींच्या कॉलेजांतून बोलावणी आली. मुलींनी घामाघूम होणं हे सभ्य घरात शोभत नाही, असं मानणारा तो काळ. पण ॲपलबीबाईंचा आवाज मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचत असे आणि सभ्यतेला त्यापुढे फारसं बोलता येत नसे. १९०४पासून त्या फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात स्थिरावल्या. पुढे त्यांनी ‘स्पोर्ट्सवुमन’ नावाचं मासिक काढलं, पेनसिल्व्हेनियाच्या पोकोनो डोंगरात हॉकीचं शिबिर सुरू केलं, आणि नव्वदी ओलांडली तरी तिथे मुलींच्या चुका काढत राहिल्या. जानेवारी १९८१मध्ये इंग्लंडात त्या वारल्या तेव्हा त्यांचं वय १०७ होतं. व्यायाम प्रकृतीला चांगला असतो, हे लोक एरवीही मान्य करतात. बाईंना पुरावा ठेवूनच जायचं होतं.

त्याच १९८१ सालात दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेनं मुलींच्या हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदाच भरवली. ती कनेटिकट विद्यापीठानं जिंकली. आणि चॅपल हिल या गावी, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, कॅरन शेल्टन नावाची पंचविशीही न गाठलेली मुलगी हॉकीची प्रशिक्षक म्हणून रुजू झाली. ती त्या पदावरून उतरली ती २०२२च्या डिसेंबरात. बेचाळीस हंगाम, ७४५ विजय, दहा राष्ट्रीय विजेतेपदं. मधल्या काळात सोव्हिएत संघ मोडला, बॉम्बेची मुंबई झाली, पुणे विद्यापीठाचं नाव बदललं. चॅपल हिलच्या हॉकीच्या कोचबाई त्याच.

एका जागी माणूस इतका कसा टिकतो, याचं मला त्या ७४५ विजयांपेक्षाही जास्त कुतूहल आहे. त्या उत्तम शिकवत होत्या, हे उघडच आहे. पण उत्तम शिकवणारे पुष्कळ असतात आणि पुष्कळ वेळा घरी बसतात. शेल्टनबाई टिकल्या याचं माझ्या मते खरं कारण असं, की त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं.

यात त्यांचा अपमान करायचा हेतू नाही. अमेरिकेत हॉकी कुणी बघत नाही म्हणजे किती बघत नाही, याची आपल्याला कल्पना येत नाही म्हणून एक गोष्ट सांगतो. सप्टेंबर २०१९मध्ये ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर मेन आणि टेंपल या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना होता. सकाळची वेळ. शून्य-शून्य बरोबरी. जादा वेळ सुरू झाली, तीही बिनगोलाची गेली. आता दुसऱ्या जादा वेळेत निकाल लागणार, तेवढ्यात निरोप आला की मैदान रिकामं करा. का? तर शेजारच्या स्टेडियमवर दुपारी फुटबॉलचा सामना आहे आणि त्याआधी फटाके उडवायचे आहेत. भर उन्हात फटाके! आपल्याकडे लग्नाच्या वरातीतसुद्धा अंधार पडायची वाट बघतात. मुली रडल्या, कोच चिडले, वर्तमानपत्रांत आलं, विद्यापीठानं माफी मागितली. पण सामना राहिला तो राहिलाच. गंमत म्हणजे त्या सामन्याला जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी तो पूर्ण होऊन कधीच मिळाली नसती.

पुण्यात, तेही खडकीच्या हवेत वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. खडकी म्हणजे धनराज पिल्लेचं गाव. तिथे हॉकीची स्टिक घेऊन सायकलवरून जाणारा मुलगा दिसला तर पानवालासुद्धा विचारायचा, ‘काय रे, आज कुणाशी?’ हॉकी म्हणजे ध्यानचंद, हॉकी म्हणजे फौजेतले जवान, हॉकी म्हणजे मुरमावर खरचटलेले गुडघे, असं आमचं गणित. माझ्या भाचीची मुलगी न्यू जर्सीत वाढते. ती शाळेच्या संघात खेळते, दातांवर ते रबरी कवच चढवते, आणि खेळताना मुली स्कर्ट घालतात म्हणून तिच्या आजीला हा खेळ विशेष पसंत आहे. गेल्या खेपेला ती आली तेव्हा मी तिला ध्यानचंदांबद्दल सांगायला बसलो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आजोबा, म्हणजे तुमच्याकडे मुलगे पण हॉकी खेळतात?’

मी तिला १९३२चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक सांगितलं. आपण अमेरिकेला २४-१ असं हरवलं होतं. एकट्या रूपसिंगांचे दहा गोल, ध्यानचंदांचे आठ. त्या स्पर्धेत संघ होते तीन, त्यामुळे दोन्ही सामने हरलेल्या अमेरिकेला ब्राँझपदक मिळालं. ‘मग बरोबर आहे,’ पोरगी म्हणाली, ‘म्हणून आमच्याकडे मुलग्यांनी सोडून दिलं असेल.’ या तर्काला इतिहासकार काय म्हणतील कोण जाणे, पण तिथल्या कॉलेजांत आज मुलग्यांच्या हॉकीची एनसीएए स्पर्धाच नाही, हे खरं. ॲपलबीबाईंनी खेळ मुलींच्या कॉलेजांत पेरला आणि तो मुलींकडेच राहिला.

असो. तर शेल्टनबाई. त्या रुजू झाल्या तेव्हा स्वतः अमेरिकेच्या संघातून खेळत होत्या. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिलांची हॉकी पहिल्यांदा आली, पण अमेरिकेनं बहिष्कार टाकला आणि त्यांच्या संघाचं विमान उडालंच नाही. त्याच मॉस्कोत पुण्याची एलायझा नेल्सन आपल्या संघातून खेळली होती आणि आपण चौथे आलो होतो. (एलायझाच्या संघानं पुढे १९८२च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. पुण्यात किती जणांना तिचं नाव ठाऊक आहे, हे विचारून बघा. मग अमेरिकेला हसू.) शेल्टनची पाळी आली १९८४च्या ऑलिंपिकला. अमेरिकेच्या मुलींचे सामने संपलेले, त्या नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना बघत होत्या. ऑस्ट्रेलिया हरली आणि अमेरिकेशी तिची बरोबरी झाली. ब्राँझ कुणाला, हे ठरवायला पेनल्टी स्ट्रोक घ्यायचं ठरलं. मुली प्रेक्षकाच्या पुन्हा खेळाडू झाल्या आणि १०-५ असं पदक घेऊन आल्या. पदक गळ्यात घालून शेल्टनबाई चॅपल हिलला परतल्या, आणि पुढचा हंगाम सुरू.

त्याच संघात बेथ अँडर्स होती. तीही तेव्हा ओल्ड डोमिनियन विद्यापीठात कोच. तिनं पुढे तीस-बत्तीस वर्षांत ५६१ सामने आणि नऊ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. म्हणजे टिकून राहण्याचा हा आजार एकट्या शेल्टनबाईंना नव्हता, तो या पेशातच आहे.

आता कॉलेजच्या हॉकी-कोचला करायचं काय असतं? खेळ शिकवायचा असतो, असं वाटेल. ते ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत. उरलेलं वर्ष मुली शोधण्यात जातं, आणि हा भाग थेट आपल्याकडच्या स्थळं बघण्यासारखा असतो. मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून, हातात वही घेऊन बसलेल्या बाया शाळकरी मुलींचे सामने बघतात. चेंडू पायात अडकतो का, रिव्हर्स स्टिक कशी आहे, हे तर बघतातच. पण मुलगी हरल्यावर बॅग कशी आपटते, आईशी कशी बोलते, गोलकीपरवर खेकसते का, हेही बघतात. मुलीकडचे पण हुशार असतात. वडील लांबूनच विचारतात, वसतिगृह कसं आहे, अभ्यासाला वेळ मिळतो का, आणि मग सहज विचारल्यासारखं, शिष्यवृत्ती किती. इथे देण्याघेण्याची बोलणी सुरू होतात. बरीच वर्षं नियम असा होता, की एका संघाला बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढीच रक्कम; मुली पंचवीसच्या आसपास. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसता युनिफॉर्म. कोचची निम्मी बुद्धी पेनल्टी कॉर्नरच्या आखणीत जाते आणि निम्मी या अपूर्णांकांत.

शिवाय मुहूर्त सांभाळायचा. मुलीचं दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कोचनं तिच्याशी बोलायचं नाही, असा नियम आहे. आपल्याकडे १५ जूनला शाळा उघडायच्या. तिकडे रात्री बाराचे ठोके पडले की फोन खणखणू लागतात. मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटानं एक पासष्टीच्या बाई सोळा वर्षांच्या मुलीला ‘आम्हाला तू फार आवडलीस’ असं कळवतात, आणि याला तिकडे नोकरी म्हणतात.

मुलगी आली की चार वर्षं राहते. पहिल्या वर्षी घरची आठवण येते, दुसऱ्या वर्षी गुडघा दुखतो, तिसऱ्या वर्षी ती खरी खेळू लागते, चौथ्या वर्षी कप्तान होते आणि निघून जाते. कोच पुन्हा पहिल्या वर्षाच्या मुलीचं रडणं ऐकायला बसतात. या पेशाची खरी गंमत मला इथे वाटते. समोरचा संघ कधी म्हातारा होत नाही. अठरा ते बावीस, बस्स. २०२२च्या संघातल्या मुली जन्मत होत्या त्या सुमारास शेल्टनबाईंच्या खात्यात चार राष्ट्रीय विजेतेपदं जमा होती. मुलींच्या आया ज्या वयाच्या, त्या वयाच्या त्यांच्या माजी विद्यार्थिनी. दरवर्षी नवी गाणी, नवी बोली, केसांचे नवे रंग. तेच ते मैदान, तीच ती शिट्टी. आपल्याकडे शिक्षकांच्या बाबतीतही हे होतं म्हणा. पण गणिताच्या सरांना वर्गाबरोबर पळून दाखवावं लागत नाही.

टर्फवर सामन्याआधी पाणी मारतात, चेंडू सरळ आणि वेगानं जावा म्हणून. खडकीच्या मैदानावरही पाणी मारायचे, धूळ बसावी म्हणून. आमच्या कॉलेजच्या फिजिकल डायरेक्टर सरांनी ही झारी स्वतः चालवलेली मी पाहिली आहे. त्यांच्याकडे हॉकी होती, कबड्डी होती, खो-खो होता, बुद्धिबळाच्या सोंगट्यांची किल्ली होती. शिवाय १५ ऑगस्टचं संचलन, गॅदरिंगच्या दिवशी दारावर उभं राहून बाहेरची पोरं ओळखणं, परीक्षेत सुपरव्हिजन आणि निवडणूक आली की मतपेट्या. वर्षाकाठी हॉकीला त्यांचे किती तास येत, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही हेच बरं. तरी आंतरमहाविद्यालयीन सामन्याला ते निघाले, की डब्यात केळी आणि ग्लुकोजची पूड घेऊन असे निघत, जणू मॉस्कोलाच चालले आहेत. मुलं ग्रेस मार्कांसाठी येत आणि तीन-चार जण हॉकीसाठी राहत. अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेजांतही १९७२पर्यंत साधारण अशीच अवस्था होती. एकच बाई शारीरिक शिक्षणाचा तास घेई, हॉकी शिकवी, हिवाळ्यात बास्केटबॉल आणि वसंतात लॅक्रॉस शिकवी, आणि संघाला गाडीत घालून गाडीही तीच चालवी.

१९७२मध्ये कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलींमुलांत भेद करायचा नाही. त्याचं नाव टायटल नाइन. मुलींच्या संघांना पैसे मिळाले, प्रवासखर्च मिळाला, कोचला पूर्ण वेळची नोकरी मिळाली. आणि मग एक चमत्कार घडला. त्याआधी मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत दहातल्या नऊ बायका असत. पुढे ते प्रमाण घसरत निम्म्याच्याही खाली गेलं. पगार आला तसे पुरुष आले. हॉकी मात्र या लाटेत बरीचशी कोरडी राहिली. मैदानावर आणि मैदानाच्या कडेलाही बायकाच. पुन्हा कारण तेच असावं: इकडे कुणी बघत नाही, तर यायचं कशाला?

बघणाऱ्यांचा ताप काय असतो, ते चॅपल हिलमध्येच दिसतं. शेल्टनबाईंच्या बेचाळीस हंगामांत त्याच विद्यापीठाच्या फुटबॉल-कोचच्या खुर्चीवर सात जण बसून गेले, त्यातले मॅक ब्राउन तर दोनदा. तिथे हजारो लोक तिकीट काढून येतात, आणि तिकीट काढलेल्या माणसाला मत असतं. माजी विद्यार्थी देणग्या देतात, आणि देणगी दिलेल्या माणसाला तर फारच मत असतं. त्याच गावात डीन स्मिथ बास्केटबॉलचे कोच होते, मायकेल जॉर्डनचे गुरू, छत्तीस वर्षं टिकलेले. म्हणजे बघ्यांसमोरही टिकता येतं, असं कुणी म्हणेल. येतं, पण १९६५मध्ये संघ हरून आला तेव्हा विद्यार्थ्यांनी याच स्मिथसरांचा पुतळा करून फासावर लटकवला होता. पुढे त्यांच्या नावानं मोठं क्रीडागृह बांधलं ते वेगळं. हॉकीच्या कोचचा पुतळा लटकवायचा म्हटलं तर तेवढी माणसं जमणार कुठून? शेल्टनबाई हरल्या तर गुपचूप हरल्या, सुधारल्या तर गुपचूप सुधारल्या. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९८९मध्ये मिळालं, रुजू झाल्यानंतर आठ वर्षांनी. दुसरं १९९५मध्ये. फुटबॉलच्या कोचला आठ वर्षं कोण देतो?

आणि याच्या उलट आपण. आपण हॉकीकडे बघतो. म्हणजे वर्षभर नाही बघत, पण पदकाच्या आठवड्यात शंभर कोटी डोळ्यांनी बघतो. त्याचा परिणाम आपल्या राष्ट्रीय संघाच्या कोचना विचारा. टेरी वॉल्श २०१३मध्ये आले, २०१४मध्ये गेले. पॉल व्हॅन ॲस २०१५मध्ये आले आणि त्याच वर्षी गेले. रोलँट ओल्टमन्स २०१७पर्यंत टिकले. मग महिलांचे कोच श्योर्ड मरीने यांना पुरुषांकडे आणलं आणि महिलांकडे हरेंद्रसिंग यांना बसवलं. आठ महिने झाले, राष्ट्रकुल स्पर्धेत पदक आलं नाही, तेव्हा दोघांना उठवून एकमेकांच्या जागी बसवलं. २०१९ उजाडता उजाडता हरेंद्रसिंग बाहेर. ॲपलबीबाईंनी १९०१मध्ये ज्या खेळाला नाक मुरडलं होतं, तो शेवटी हॉकीतच शिरला, फक्त संगीत वाजलं दिल्लीत. मरीने मात्र महिलांकडे परतले ते टिकले, आणि २०२१मध्ये टोकियोत त्यांच्या मुली चौथ्या आल्या. चौथा क्रमांक, मॉस्कोनंतर थेट. मधल्या तीन वर्षांत त्यांना कुणी हलवलं नाही, एवढंच सुचवतो.

दुर्लक्षाची ही बाजू गोड आहे, तशी एक कडूही आहे, आणि ती लपवणं बरं नव्हे. जो खेळ कुणी बघत नाही, तो बंद झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. २०२० सालच्या जुलैमध्ये स्टॅनफर्डसारख्या गडगंज विद्यापीठानं अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं, त्यात हॉकी होती. माजी विद्यार्थिनींनी रान उठवलं, आणि पुढच्या मेमध्ये निर्णय मागे घेतला गेला. म्हणजे या कोचला भीती पराभवाची नसते, हिशेबनिसाची असते. हरलेला सामना पुढच्या वर्षी जिंकता येतो. ताळेबंदातून पुसलेला खेळ परत आणायला वकील लागतात.

शेल्टनबाईंचं विद्यापीठ त्या मानानं शहाणं. २०१८मध्ये तिथे हॉकीचं नवं स्टेडियम झालं आणि त्याला नाव दिलं कॅरन शेल्टन स्टेडियम. बाई तेव्हा नोकरीत होत्या. आपल्याकडे माणसाच्या नावाचं मैदान होतं ते तो गेल्यावर, किंवा तो आमदार असेल तर. या बाई पुढची चार वर्षं रोज सकाळी स्वतःच्या नावाच्या फाटकातून आत शिरून मुलींना ‘बूट नीट बांध’ असं सांगत होत्या. त्यांचा शेवटचा हंगाम २०२२चा. एकवीस सामने, एकवीस विजय. अंतिम सामन्यात नॉर्थवेस्टर्नशी १-१ असताना शेवटच्या दोन मिनिटांत एरिन मॅटसन नावाच्या मुलीनं गोल केला. बाईंनी निवृत्ती जाहीर केली.

आणि जानेवारी २०२३मध्ये विद्यापीठानं नवी कोच नेमली: तीच एरिन मॅटसन. वय बावीस. दोन महिन्यांपूर्वी ती संघातल्या मुलींबरोबर एका बसमधून हिंडत होती, त्यांच्या पिशवीतला खाऊ संपवत होती. आता कुणाला खेळवायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं ते ती ठरवणार. इंग्रजीत अहो-जाहोची भानगड नाही म्हणून निभावलं, नाहीतर मराठी मुलींचा पहिला महिना सर्वनामं टाळण्यात गेला असता. पुष्कळांनी माना हलवल्या. पण त्या वर्षीचा अंतिम सामना कॅरन शेल्टन स्टेडियमवरच झाला, समोर पुन्हा नॉर्थवेस्टर्न, पुन्हा बरोबरी, आणि शूटआउटमध्ये चॅपल हिलच्या मुली जिंकल्या. कोच म्हणून पहिल्याच वर्षी विजेतेपद. शेल्टनबाईंना यासाठी आठ वर्षं थांबावं लागलं होतं, हे कुणी त्यांना बोलून दाखवलं नसावं.

एरिन पेनसिल्व्हेनियातल्या चॅड्स फर्डची. शेल्टनबाई शिकल्या वेस्ट चेस्टरला. ॲपलबीबाईंचं ब्रिन मॉर त्याच टापूत. तिन्ही गावं फिलाडेल्फियाहून एका दिवसात हिंडून येता येतील, आणि त्या वाटेवर लागणाऱ्या शाळांच्या मैदानांवर आजही सप्टेंबरच्या दुपारी मुली वाकून चेंडू ढकलत असतात. सव्वाशे वर्षांत एका बाईनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला असा हा खेळ हातातून हातात गेला आहे. त्याला टीव्ही लागला नाही, फटाके तर नाहीच नाही.

आपल्यापैकी अनेकांची पोरंबाळं तिकडे आहेत. पुढच्या खेपेला ऑक्टोबरात जाणं झालं, तर नायगारा एक दिवस पुढे ढकला आणि जवळच्या कॉलेजात मुलींची हॉकी बघून या. पुढच्या रांगेत जागा मिळेल, कोचचं बोलणं स्पष्ट ऐकू येईल, आणि तुम्ही भारतातून आलात म्हटल्यावर कुणीतरी आदरानं ध्यानचंदांबद्दल विचारेलही. फक्त एक विनंती आहे. आवडलं तर चारचौघांना सांगा, पण पाच-दहा हजारांना गोळा करून नेऊ नका. त्या कोचबाईंची चांगली चाललेली नोकरी जाईल.